टाळूपासून टाचेपर्यंत

मेंदूज्वराने हुस्नबानो कुणालाच ओळखेना. वजन एकशे वीस किलो, तरी विषाणूवरच्या इंजेक्शनचा डोस डॉक्टरबाईंनी कमीच लिहिला, म्हणून तिचे शौहर, धुळ्याचे टेलर कय्युमचाचा भडकले. “गरिबाला औषधातही काटकसर?” “नाही, चाचा. हे औषध चरबीत फारसं जात नाही. पूर्ण वजनावर दिलं, तर किडनी बिघडेल. नेमका डोस उंचीवरून ठरवायचाय. यांची उंची किती?” चाचांनी जन्मभर जाड्या गिऱ्हाइकांचे सदरे शिवले होते. पोट सुटलं म्हणून बाही लांब कापायची नसते, हे त्यांना कोण शिकवणार! गळ्यातला टेप काढून त्यांनी बीबीचं टाळूपासून टाचेपर्यंत माप घेतलं. आठवड्याने हुस्नबानोने डोळे वटारले. “अजी, दवाखान्यात टेप घालून आलात? लोक हसतील ना!” चाचा रडतच डॉक्टरबाईंकडे वळले. “बेटी, तुझ्या एप्रनचे खांदे उतरलेत. सरळ उभी राहा, नवा शिवतो.”