लेकीची पहिली बाटली

खर्र. दुपारच्या शांततेत किल्ली घासली गेली आणि ओट्याखालच्या काळपट पाइपवर चांदीसारखी रेघ उमटली.

प्लंबरकाकांनी फ्रिजवरचं लोहचुंबक मागून घेतलं, पाइपला लावून पाहिलं. ते काही चिकटलं नाही. "शिसंच आहे, सूनबाई. बाकीच्या बिऱ्हाडांनी कधीच बदलून घेतले, तुमचाच राहिला. परवा नवा टाकतो. तोवर प्यायचं पाणी शेजारून आणा. रात्रभर पाइपात साचलेलं तर सगळ्यात वाईट. लहान मुलांच्या पोटात जाता कामा नये."

मी तिथेच खाली बसले. लेक वरचं पाणी प्यायला लागली तेव्हापासून, पहाटे नळ सोडला की पहिली बाटली मी तिची भरायची. मग देवाचा तांब्या, आणि आम्हा सगळ्यांचे हंडे त्यानंतर.

सासूबाई चिडवायच्या, "अगं, पहिलं पाणी देवाचं. तुझी ठमी देवापेक्षा मोठी लागून गेली का?"

"हो," म्हणून मी बाटलीचं झाकण लावायची.

आज त्या माझ्याजवळ येऊन टेकल्या, पाठीवरून हात फिरवत राहिल्या. "उद्या डॉक्टरांकडे नेऊ. रक्त तपासून घेऊ. तुला काय ठाऊक होतं, पोरी?"

मी उठले आणि लेकीची भरलेली बाटली मोरीत ओतली. ती दारात उभी राहून बघत होती.

"आई, मी सकाळी प्यायले ते कसं ओतायचं?"