राजाबाईचा उजवा गाल

राजाबाईनं तोंडावरचा पदर बाजूला केला, आणि चिंतामणी फोटोवाल्याच्या हातातली पेन्सिल घरंगळत टेबलाखाली गेली. ती त्यानं उचलली नाही.

तिच्या डाव्या गालावर, डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत, बिब्ब्यानं भाजल्याचा काळा पट्टा होता. कडेनं फोड आले होते. तिच्याबरोबर आलेली मावशी, शालूबाई, भिंतीवरचे फोटो बघण्यात दंग असल्याचं सोंग करत होती. बिब्बा तिनंच लावला होता.

आता चिंतामणीची पेन्सिल म्हणजे साधीसुधी चीज नव्हे. फोटो छापायच्या आधी त्याच्या काचेवर ती फिरली की टकलाला केस यायचे. एका मामलेदाराच्या मंडळींची मिशी तिनंच घालवली, आणि हिंडलग्याचा एक सावकार जन्मात पहिल्यांदा हसला तो मेल्यावर, याच पेन्सिलीमुळं. खोटं वाटत असेल तर त्याच्या वारसांना विचारा. ते अजून त्या फोटोला घाबरतात. अशा पेन्सिलीला बेळगुंदीच्या या पोरीच्या तोंडावरचे देवीचे वण म्हणजे पोरखेळ. महिन्यापूर्वी एका दुपारीत चिंतामणीनं ते सगळे बुजवले. फोटो नंदगडला गेला. नंदगडकरांनी मुलगी पसंत म्हणून निरोप धाडला, आणि येत्या शुक्रवारी प्रत्यक्ष बघायला येतो असंही कळवलं.

तेव्हापासून घरात काय काय झालं ते शालूबाईनं भिंतीकडं बघतच सांगितलं. मसुराचं पीठ झालं, लिंबू झालं, बाजारातली स्नोची बाटली झाली. मग कुणीतरी म्हणालं की बिब्ब्याचं तेल लावलं की वरची कातडी जाते आणि खालून नवी येते, लोण्यासारखी. आधी एकच गाल करून बघितला, शहाणपण म्हणायचं ते एवढंच.

"अण्णा," राजाबाई म्हणाली, "फोटूत तुमी माझ्या तोंडाला काय लावलासा? त्येच द्या. डावा गाल गेला. उजवा अजून ऱ्हायलाय."

काही लावलं नव्हतं, असं चिंतामणी म्हणाला. तिला ते पटलं नाही. शहरातली माणसं औषध लपवून ठेवतात हे तिला ठाऊक होतं. तिनं कनवटीतून दुसरा बिब्बा काढला, टेबलावर ठेवला आणि सांगून टाकलं, तुमचं औषध मिळालं तर लई बरं, न्हाय तर घरी जाऊन हा लावणार.

चिंतामणीनं कपाटातून तिच्या फोटोची काच काढली आणि खिडकीशी धरली. काचेत तिचे केस पांढरे आणि तोंड काळं होतं. ही कुठली हडळ, असं शालूबाई पुटपुटली. काचेवर सगळं उलटं दिसतं, त्यानं समजावलं, आणि गालावरचे पेन्सिलीचे ठिपके दाखवले. एकेका वणावर एकेक ठिपका. औषध म्हणतेस ते हे.

"किती हाईत?"

"एकशे सदतीस."

त्याला मोजावं लागलं नाही. त्या तोंडावरचा एकेक वण त्याला पाठ होता. तिच्या आईलाही नसेल एवढा.

"आमच्या आप्पानं सांगितलं व्हतं व्हय?"

चिंतामणीला हो म्हणता आलं असतं. तिचा बाप भरमू खाली बैलगाडीपाशी बसला होता, तो काही ऐकायला येत नव्हता. पण तो भला माणूस नुसता फोटो काढा म्हणाला होता.

"नाही," चिंतामणी म्हणाला. "माझं मीच केलं. कुणी सांगितलं नव्हतं."

त्यानं टर्पेंटाईनमध्ये कापसाचा बोळा भिजवला. तो तिनं त्याच्या हातातून घेतला आणि काचेवरचे ठिपके स्वतःच पुसले. मग त्यानं काच लाकडी चौकटीत बसवली, खाली फोटोचा कागद घातला आणि चौकट उन्हात ठेवली. तिघं वाकून बघत राहिले. आधी केस आले, मग डोळे, मग कुंकू, आणि शेवटी हळूहळू एकेक वण.

घरातल्या आरशात तिला एका वेळी एक डोळा नाहीतर एक गाल दिसायचा. वणांसकट एवढं सबंध तोंड तिनं कधी बघितलंच नव्हतं. ती बराच वेळ बघत राहिली.

"बरी व्हती की ही," ती म्हणाली, शेजारच्या पोरीबद्दल बोलावं तशी.

शालूबाईनं डोळ्याला पदर लावला. चिंतामणी चौकटीच्या खिट्ट्या घट्ट करू लागला, त्या घट्टच होत्या.

राजाबाईनं टेबलावरचा बिब्बा उचलला आणि खिडकीबाहेर भिरकावला. मग फोटोच्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पदर सारखा केला. नवा फोटो काढा म्हणाली, आजच काढा, शुक्रवारच्या आत नंदगडला पोचला पाहिजे. असं का करतेस गं, लग्न मोडेल की, असं शालूबाई दोनदा म्हणाली. दोन्ही वेळा बारीक आवाजात.

चिंतामणीनं कॅमेरा पुढं ओढला. हाताची सवय जाते कुठं? त्यानं राजाबाईची हनुवटी अलगद वळवून उजवा गाल पुढं आणला.

तिनं तोंड फिरवलं आणि डावा गाल पुढं केला.

"ह्यो बी येऊ द्या," ती म्हणाली. "ज्यानला यायचं त्ये बघून येतील. आनि अण्णा, पेन्सिल तेवढी लांब ठेवा."

चिंतामणीनं कॅमेऱ्यावरचं काळं कापड उचललं आणि डोकं आत घातलं. राजाबाई मान ताठ करून बसली. श्वाससुद्धा तिनं धरून ठेवला, मग सोडला, मग पुन्हा धरला. कापड हललं नाही.

"मास्तर," शेवटी शालूबाई म्हणाली, "आत झोपलासा काय?"

बारा वाजले होते. काचेच्या छपरातून ऊन नुसतं कोसळत होतं.

"उजेड पुरतोय का बघतोय," कापडाखालून चिंतामणी म्हणाला.