एक्केचाळिसावा हात

"चाळीस," ग्रासा म्हणाली आणि पहिल्या बाकापासून परत मोजायला लागली.

परत चाळीसच. पोर्तुगालमधल्या फेल्गेरास गावच्या त्या बुटांच्या कारखान्यात माणसं ऐंशी. बूट वाहून आणणारा पट्टा मालकाने पळवायला लावला होता. त्याचा वेग पूर्वीसारखा होईपर्यंत शनिवारी कामावर यायचं नाही, एवढाच ठराव. एक्केचाळीस हात वर झाले तरच मालक ऐकून घेणार होता. जेवणाची सुट्टी संपायला चार मिनिटं उरलेली. कोबीचं सूप गार झालं होतं. फोरमन दाराला टेकून कोणाकोणाचे हात वर आहेत ते बघत होता.

सहा महिन्यांच्या करारावरच्या पोरींनी हात खाली ठेवले, त्यांचं एक समजण्यासारखं होतं. पण ओलिंदा? कलबुतावरून, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावरून, बूट ओढून काढायचं काम ती सव्वीस वर्षं करत होती. वेग वाढला तेव्हा पहिली शिवी तिनेच हासडली होती. आणि आता दोन्ही हात मांडीवर ठेवून गप्प.

"लेक मालकाच्या ऑफिसात बसते ना," मागून कोणीतरी म्हणालं. "कशाला करेल वर?"

"केसही कापून आलीय म्हातारपणी. मडमेचा थाट."

थकलेली माणसं फार लवकर वाकडं बोलतात.

शेजारी बसलेल्या सेलेस्तला राहवेना. "ओलिंदामावशी, नाही म्हणायचं तर तोंडाने म्हण ना. जीव टांगणीला लावून काय बसलीस?"

ओलिंदाने फोरमनकडे पाहिलं. पेन्शनला अजून तीन वर्षं होती. तिला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षाही कंटाळा आला होता.

"उजवा खांदा गेल्या वर्षीच गेला," ती म्हणाली. "डाव्यावर निभावलं. आता तोही छातीच्या वर जात नाही. सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं मला."

दाराला टेकलेला फोरमन सरळ उभा राहिला. त्याने सगळं ऐकलं होतं.

"बघत काय बसलीस, सेलेस्त? धर माझं मनगट आणि कर वर. मी ओरडले तरी सोडू नकोस, ग्रासाचं मोजून होईपर्यंत."