रंगनाथच्या खांद्यावरचा टॉवेल

ओताकार ठोसा खाऊन दुसऱ्यांदा खाली आला, तेव्हा दोह्यातला तो अख्खा हॉल उभा राहिला. बसून राहिला तो एकटा रंगनाथ. खांद्यावर पांढरा टॉवेल, मांडीवर हात, आणि चेहरा असा, की रास लफानच्या गॅस कारखान्याच्या गेटवर व्हॅन लावून शिफ्ट सुटायची वाट बघतोय.

त्याच्या मागच्या खुर्चीत त्याचा खोलीतला जोडीदार फुजैल होता. रत्नागिरीचा माणूस, टीव्हीवर बॉक्सिंग बघून बघून पंडित झालेला. तो रंगनाथचा शर्ट ओढून ओढून सांगत होता, की मेल्या, टॉवेल टाक, तो माणूस मरेल. रिंगणात टॉवेल पडला की आपल्या गड्याने हार मानली, लढत खलास. हे रंगनाथलाही ठाऊक होतं. पंचाने पाच मोजले, सहा मोजले. ओताकार एका गुडघ्यावर होता, एक हातमोजा जमिनीवर रोवलेला, नजर आपल्या कोपऱ्याकडे. रंगनाथने त्याच्याकडे बघून नुसती मान हलवली. आठाला ओताकार उठला.

आता हा व्हॅनचा ड्रायव्हर त्या कोपऱ्यात आला कसा, तर झिंग्यांमुळे.

ओताकार चेक देशाचा हेवीवेट मुष्टियोद्धा. वय एकोणचाळीस. अडतीस लढती, एकोणतीस जिंकलेल्या, पण शेवटच्या तीन ओळीने हरलेल्या. हीसुद्धा गेली तर हातमोजे कायमचे खुंटीला, असं बायकोला सांगून तो कतारला आला होता. आयोजकांनी त्याला फिरवायला रंगनाथची व्हॅन दिली होती. देह असा, की तो डावीकडे बसला की व्हॅन आपोआप डावीकडे वळायची आणि रंगनाथला गाडी सरळ नेण्यासाठी आठ दिवस उजवीकडे हाकावी लागली. लढतीच्या दिवशी सकाळी रंगनाथ त्याला आणि त्याच्या म्हाताऱ्या कोचला समुद्राची हवा खायला अल रुवैसला घेऊन गेला. हवा ओताकारने खाल्ली. कोचने बंदरावर अडीच किलो झिंगे खाल्ले आणि दुपारी हॉस्पिटलात सलाईन लावून घेतलं.

कोपऱ्यात पाणी द्यायला, वेळ आली तर टॉवेल टाकायला माणूस तर लागतोच. ओताकारने रंगनाथचे कान आधीच हेरले होते. विट्याकडच्या तालमीत दहा वर्षं घासून ते कान भज्यासारखे झाले होते. असे कान बघून ओताकारने ठरवून टाकलं, हा जुना मुष्टियोद्धा आहे. त्याने बोट दाखवलं आणि आयोजकांनी रंगनाथच्या गळ्यात बिल्ला अडकवला. मग हॉस्पिटलातून कोचचा फोन आला. फुजैलने त्याचं इंग्रजी मराठीत करून सांगितलं, की गडी हरला असं दिसलं की एक क्षणही थांबू नकोस, टॉवेल टाक, त्याच्या घरी लहान मुलगी आहे.

"हरला की टाकतो," रंगनाथ म्हणाला. "शब्द दिला म्हणून सांग त्यास्नी."

आणि दोन फेऱ्यांतच ओताकार पहिल्यांदा दोरांना घासत बुडावर बसला. मग चौथ्या फेरीत गुडघ्यावर. समोरचा क्यूबाचा जवान बावीस लढतींत बावीस जिंकलेला. सहाव्या फेरीत त्याने असा ठोसा हाणला, की त्याच्या वाऱ्याने पहिल्या रांगेतल्या अरबांच्या डोक्यावरचे रुमाल मागच्या रांगेत गेले. ओताकार झाड कोसळावं तसा पालथा पडला, नाक जमिनीत.

फुजैलने डोळे मिटून घेतले. त्याच्या हातातल्या फोनवर कोच आपल्या भाषेत ओरडत होता, ते पहिल्या रांगेपर्यंत ऐकू जात होतं. पंच मोजता मोजता रंगनाथकडे बघायला लागला. रंगनाथ उठला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता टाकतो. पण तो खाली वाकला, गाल रिंगणाच्या कडेला लावला, एक डोळा मिटून जमिनीच्या पातळीवरून ओताकारला नीट न्याहाळलं, आणि परत जागेवर येऊन बसला. टॉवेल खांद्यावरच.

पडल्या पडल्या मान वळवून ओताकारने हे सगळं बघितलं. नवाला तो उभा राहिला.

आठव्या फेरीत क्यूबावाला गडी घाईत आला आणि हनुवटी उघडी टाकून बसला. ओताकारचा डावा हात खालून वर गेला. तो पोरगा हवेत वीतभर उचलला गेला आणि हातपाय पसरून उताणा पडला. पंचाने 'एक' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात रंगनाथ उठला. दोनला त्याने पाण्याच्या बाटलीचं झाकण लावलं. चारला स्टूल मिटून काखेत घेतलं. पंच दहाला पोचला तेव्हा रंगनाथ पिशवी खांद्याला लावून, यल्ला, निघू या, म्हणून उभा होता. फोनवर कोच मोठ्याने रडायला लागला.

हॉल दणाणला. ओताकारने रंगनाथला एका हाताने उचलून दोरांच्या आत घेतलं, आणि माईक हातात धरून, एक डोळा पुरता सुजलेला, तो बोलला. तीनदा मी कोपऱ्याकडे बघितलं, म्हणाला, टॉवेल येईल या आशेने. मला थांबायचं होतं. तीनही वेळा हा माणूस दगडासारखा बसून. शेवटी तर मोजणी सुरू व्हायच्या आधीच सामान आवरायला लागला. माझा स्वतःवर विश्वास उरला नव्हता, याचा माझ्यावर होता. अख्खा हॉल रंगनाथसाठी टाळ्या वाजवत राहिला. एका शेखने तर रंगनाथच्या हाताचं चुंबन घेतलं.

व्हॅनकडे जाताना फुजैलने त्याला गाठलं. "खरं सांग रंगनाथ, एवढा विश्वास आणलास कुठून?"

"इस्वास कसला, आरं?" रंगनाथने दार उघडत विचारलं. "तीनदा पडला, पर एकदा तरी पाठ टेकली का त्याची? पाठ टेकल्याबिगर माणूस हरतो व्हय?"