नववी ब, शेवटचा तास

वडील गेले, त्याच्या आदल्या दिवशीही तिने त्यांचा तास पळवला होता. दोघं एकाच शाळेत. ती गणित शिकवायची, ते नाटक. भूमितीचा धडा राहिलाय म्हणत ती वर्गात शिरली, तेव्हा खडू तिच्या हातात ठेवत ते मुलांना म्हणाले, "उठा, स्वागत करा. आयत्या बिळावर नागोबा आले."

"सर, परीक्षेत भूमिती येते, नाटक येत नाही," ती म्हणाली आणि तिने फळ्यावर वर्तुळ काढलं.

पंधरा दिवसांनी, त्याच तासाला, ती पुन्हा गणिताचं पुस्तक घेऊन त्या वर्गाच्या दारात उभी राहिली. आत एक मुलगी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, नसलेली पँट वर खेचत, हुबेहूब सरांसारखी चालत होती आणि वर्ग हसून लोळत होता. दाराकडे लक्ष जाताच सगळे चिडीचूप झाले. मुलीचा चेहराही पांढराफटक पडला. पण समोर मुख्याध्यापक आले तरी सोंग अर्ध्यात टाकायचं नाही, ही सरांचीच शिस्त. मुलीने घसा खाकरला.

"या बाई. आज काय राहिलंय म्हणायचं, बीजगणित की भूमिती?"

ती पहिल्या बाकावर बसली. वर्ग ओरडा खायच्या तयारीत होता.

"राहिलेलं कधीच काही नसायचं, बाबा," ती म्हणाली. "आठवीत तुम्ही अख्ख्या वर्गाला नाटकात घेतलंत आणि मला पडदा ओढायला बसवलंत. त्याचा राग होता."