बोलता येईल इतक्या वेगाने

“इथे दाबलं की दुखतं का?”

“छे,” तार म्हणाले आणि तपासणीच्या पलंगावरून चार बोटं वर उडाले.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी कागदावर ‘दुखतं’ असं लिहिलं. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसलेल्या तारांच्या बायकोने समाधानाने मान हलवली.

तार हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बत्तीस वर्षं त्यांनी घरोघर टपाल वाटलं, पण अशा वेगाने, की गल्लीला ‘पोस्टमन’ हा शब्द अपुरा वाटू लागला. निवृत्तीनंतर वाटायला काही उरलं नाही, वेग तेवढा उरला. मुलाने नवे बूट पाठवले आणि तार त्याच दिवशी आठ किलोमीटर चालून आले. दुसऱ्या दिवशी दहा. तिसऱ्या आठवड्यात सकाळी पाय जमिनीला टेकला आणि टाचेमागे कुणीतरी खिळा ठोकला.

“पोटरीला टाचेशी जोडणारी ही दोरी सुजलीय,” बाई म्हणाल्या. “नुसते पडून राहिलात तर आखडेल, पळालात तर आणखी चिडेल. पायरीच्या कडेवर उभं राहायचं. दोन्ही चवड्यांवर वर, मग दुखऱ्या पायावर सावकाश खाली. पंधरा-पंधरा असं तीनदा, सकाळ-संध्याकाळ. बुटात टाचेखाली गादी. बारा आठवडे. आणि चालायचं ते बोलता येईल इतक्याच वेगाने.”

“बोलायचं कुणाशी?”

बाईंनी कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. तारांनीही पाहिलं, जरा उशिराने.

चौतीस वर्षांच्या संसारात ही दोघं हजारदा एकत्र बाहेर पडली होती आणि एकत्र कधीच चालली नव्हती. ते पुढे, ती वीस पावलं मागे. कोपऱ्यावर ते थांबत, ती पोचली की लगेच निघत. म्हणजे विश्रांती फक्त त्यांनाच मिळे. त्यांना मागून टक्कल पडू लागल्याचं तिला त्यांच्याआधी तीन वर्षं ठाऊक होतं. घरात बोलणं व्हायचं, पण ते गॅस संपल्याचं आणि नळ गळत असल्याचं.

पहिल्या संध्याकाळी तार तिच्या शेजारून चालले. त्याला चालणं म्हणायचं असेल तर.

“हे हिरवं फाटक आहे ना,” ती म्हणाली, “इथले वकील कुंडीत सिगारेटी लपवतात. बायकोला ठाऊक आहे. ती त्याच कुंडीला मुद्दाम जास्त पाणी घालते.”

तारांनी बत्तीस वर्षं त्या फाटकात पत्रं टाकली होती. त्यांना फक्त घराचा नंबर ठाऊक होता.

“हे तू आत्ता सांगतेयस?”

“नाही हो. सात वर्षांपूर्वीच सांगितलं. तुम्ही तेव्हा औषधाच्या दुकानापर्यंत पोचला होतात.”

थोडक्यात, ती इतकी वर्षं बोलतच होती. तार ऐकू येण्याच्या अंतरात आज आले होते.

मग ते रोजचंच झालं. ती शिंप्याची नक्कल करायची, बँकेतल्या कॅशियरची करायची. एकदा तर तिने तारांचीच केली, पाठमोरी. तार इतके हसले की विजेचा खांब धरावा लागला. “काका, टाच का?” जाणाऱ्या कुणीतरी विचारलं. “हो ना,” ते डोळे पुसत म्हणाले. पायरीवरचा व्यायामही तीच मोजायची. गप्पांच्या नादात बारानंतर पुन्हा नऊ यायचे. तारांनी कधी हरकत घेतली नाही.

नवव्या आठवड्यात घात झाला. सकाळी पाय टेकला, तर खिळा नव्हता. तारांनी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि दुखऱ्या पायावर वीस उड्या मारल्या. काहीही झालं नाही. आरशातला माणूस ठणठणीत होता आणि त्याचा चेहरा पडला होता. धडधाकट माणसाने रमतगमत चालायचं ते कोणत्या कारणाने? तुझ्याबरोबर चालायला आवडतं, असं चौतीस वर्षांनी बायकोला सांगणं त्यांच्या वळणात बसणारं नव्हतं. ते लंगडत बाहेर आले.

दुपारी, चप्पल शिवून आणतो असं सांगून, ते एकटेच दवाखान्यात गेले.

“मला बरं वाटतंय,” ते तक्रारीच्या सुरात म्हणाले. “पण हे घरी कळायला नको. अजून महिनाभर सावकाशच चालायचं, असं लिहून द्या. खाली शिक्का मारा. शिक्क्याला आमच्याकडे मान आहे.”

बाईंनी खण उघडला आणि लिहून, शिक्का मारून तयार असलेला कागद त्यांच्यापुढे सरकवला.

“न्हाणीघरातल्या उड्या बाहेर ऐकू जातात, काका. काकू सकाळीच येऊन गेल्या. त्यांनी दोन महिने मागितलेत.”