जाळीचं कपाट

वाटणीच्या दिवशी धाकट्या जावेने सासऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक ऑर्गन उचलून नेला. पट्ट्यांच्या दोन रांगा, पायाखाली पेडल, चकचकीत लाकूड! थोरलीने कोपऱ्यातलं जाळीचं कपाट तेवढं मागितलं.

"न्या की, कपडे ठेवायला होईल. नाहीतरी तुम्हाला काय कळतंय त्या वाद्यातलं?" धाकटी हसली होती.

ऑर्गन तिच्या घरी कधी वाजलाच नाही. बिघडला असेल म्हणून चाळीस वर्षं त्याच्यावर फुलदाणी राहिली.

परवा ती धापा टाकत थोरलीकडे आली. "ताई, जुनी वाद्यं घेणारा आला होता. म्हणतो, ऑर्गन ठणठणीत आहे, पण त्याला स्वतःचा आवाज नसतो, तो जोडलेल्या कपाटातल्या भोंग्यातून निघतो. फिरत्या भोंग्याचं कपाट जोडून दिलंत तर सोन्याच्या भावाने घेतो, नाहीतर सरपण. ते कपाट आहे ना अजून?"

थोरलीने कपाटाचं दार उघडलं. बोट लावताच आतला भोंगा गरगर फिरला. दरवर्षी न चुकता ती त्याला तेल घालत आली होती.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं? अहो, मग चाळीस वर्षांत एकदा तरी बोलायचं होतंत!"

"मी काय बोलणार, बाई?" थोरलीने दार लावून कडी घातली. "मला काय कळतंय त्या वाद्यातलं?"